३१ मेचा पुष्पगुच्छ : प्रकल्प नोंदी

२ मे

फैजपूरजवळच्या ज्या जिल्हा परिषद शाळेत आमची पिढी शिकली, तिथल्या बाई येत्या ३१ मे रोजी सेवानिवृत्त होत आहेत. माजी विद्यार्थ्यांच्या वतीने शाल आणि श्रीफळाची व्यवस्था गावातील मंडळींनी स्वीकारली असून पुष्पगुच्छाचे काम माझ्याकडे आले आहे. हे काम दुकानात जाऊन पैसे मोजून पाच मिनिटांत संपवता येईल, परंतु ज्या बाईंनी आमच्याकडून शाळेच्या कुंपणाला कर्दळी लावून घेतल्या, त्यांना दिलेली फुले सत्कार संपण्यापूर्वीच माना टाकून बसलेली मला पाहायची नाहीत. म्हणून हा गुच्छ स्वतः बांधायचा, त्यासाठी महिनाभर तयारी करायची आणि त्या तयारीची नोंद ठेवायची, असे ठरवले आहे.

तारखेबद्दल थोडेसे. शाळेत नाव घालताना जन्माची नेमकी तारीख ठाऊक नसली की गुरुजी दाखल्यावर १ जून लिहीत, त्यामुळे महाराष्ट्रातील एका पिढीच्या असंख्य कर्मचाऱ्यांचा कागदोपत्री वाढदिवस १ जून हाच आहे. महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो आणि म्हणून ३१ मे हा निवृत्तीच्या सत्कारांचा दिवस ठरला आहे. खानदेशाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, पुष्पगुच्छांना जेव्हा हमखास मागणी असते तेव्हाच जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ अंशांवर असतो.

गुच्छाकडून चार अपेक्षा आहेत. तो जळगावहून भुसावळमार्गे, तापी ओलांडून, एस.टी.च्या प्रवासात टिकावा. सत्कारानंतर बाईंच्या घरी निदान तीन-चार दिवस राहावा. वेष्टनात प्लास्टिक नसावे. आणि शक्य तितके साहित्य आपल्याच मातीतले असावे.

५ मे

सकाळी लवकर फूलबाजारात फिरून आले. मेमध्ये काय मिळते याचा अंदाज घेणे एवढाच हेतू होता. मोगरा आणि निशिगंध भरपूर आहेत, कारण दोन्ही उन्हाळ्याची फुले आहेत. झेंडू आहे, पण आकाराने लहान. शेवंती हे थंडीचे फूल असल्याने तिचा विचार सोडून दिला. हरितगृहातील गुलाब, जरबेरा आणि कार्नेशन नाशिक-पुण्याच्या बाजूने येतात आणि येईपर्यंत त्यांचा अर्धा जीव प्रवासात गेलेला असतो.

हारवाल्या मावशींनी निशिगंधाचा फरक नीट समजावून सांगितला. एकेरी पाकळ्यांचा तो सिंगल, त्याला वास अधिक आणि तो सुट्या फुलांच्या हारासाठी. अनेक पाकळ्यांचा तो डबल, त्याची दांडी जाड व सरळ आणि तो गुच्छासाठी. "ताई, खालच्या दोन कळ्या उमलल्या असतील तीच दांडी घ्या, सगळी उमललेली घेऊ नका," असे त्या म्हणाल्या, आणि त्यांचे म्हणणे शास्त्राला धरून आहे. निशिगंध दांडीच्या खालून वर उमलत जातो. खाली दोन फुले उमललेली आणि वर टपोऱ्या कळ्या असलेली दांडी घरी नेल्यावर रोज नवे फूल देते.

एका दुकानात तयार गुच्छ कसा बांधतात तेही उभे राहून पाहिले. हिरव्या फोमच्या ठोकळ्यात दांड्या खोचतात आणि वरून जिलेटीनचा कागद घट्ट गुंडाळतात. हा फोम फिनॉल व फॉर्मल्डिहाइडपासून बनवलेले प्लास्टिकच आहे. तो मातीत कुजत नाही, केवळ चुरा होऊन पसरतो. जिलेटीनच्या कागदाबद्दल माझी तक्रार त्याहून मोठी आहे. ऊन आत येते आणि उष्णता बाहेर जात नाही, त्यामुळे मे महिन्यात असा गुच्छ हातात धरून चालणे म्हणजे फुले शिजवणेच होय.

८ मे

कोणते फूल किती वेळ तग धरते याची घरगुती चाचणी पूर्ण झाली. रस्त्याकडेचा बहावा आणि गुलमोहर ऐन बहरात असल्याने त्यांचा मोह पडणे स्वाभाविक आहे, परंतु दोन्ही गुच्छाच्या कामाचे नाहीत. बहाव्याच्या पिवळ्या पाकळ्या हात लावताच गळू लागतात आणि तोडलेला गुलमोहर पाण्यात ठेवूनही दुपारपर्यंत मलूल होतो. झाडावर ते सुंदर आहेत, तिथेच असू द्यावेत. निशिगंध उत्तम राहिला. झेंडूच्या फुलाला काहीही होत नाही, पण फुलाच्या लगेच खाली दांडी पोकळ असल्यामुळे ती तिथेच मोडते. तिला आतून बारीक काडीचा आधार द्यावा लागेल. जरबेऱ्याची दांडी लवदार व मऊ असते आणि खोल पाण्यात लवकर सडते, म्हणून त्याला बोटभर पाणी पुरे.

फूल तोडल्यावर सुकते कसे, हे समजले की पुढचे सगळे उपाय आपोआप सुचतात. दांडीच्या आतील सूक्ष्म नळ्यांतून पाणी वर चढते. दांडी कापताच त्या नळ्यांच्या तोंडाशी हवा शिरते आणि हवेचा बुडबुडा पाण्याची वाट अडवतो. शिवाय भांड्यातील पाण्यात जिवाणू वाढतात आणि त्यांचा चिकट थर तीच तोंडे बुजवतो, त्यामुळे भांडे पाण्याने भरलेले असूनही फूल तहानेने मरते. म्हणून दांडीचा शेवटचा काप धारदार चाकूने, तिरका आणि पाण्याखाली धरून घ्यायचा. बोथट कात्रीने दांडी चेंगरते. पाण्यात बुडणारी सर्व पाने काढून टाकायची, कारण कुजायला सुरुवात त्यांच्यापासूनच होते.

पाण्यात मिसळण्याचे प्रमाण असे ठेवले आहे: एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा साखर, दोन मोठे चमचे लिंबाचा रस आणि कपड्यांसाठीच्या द्रव ब्लीचचा अर्धा छोटा चमचा. साखर हे फुलाचे अन्न, आंबट पाणी दांडीत सहज चढते आणि ब्लीच जिवाणूंना रोखते. नुसती साखर घातली तर जिवाणूंचीच मेजवानी होते. ब्लीच आणि लिंबाचा रस मात्र कधीही थेट एकमेकांत ओतू नयेत, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. दोन्ही वेगवेगळे, भरलेल्या पाण्यातच घालावेत.

१२ मे

थोरल्या जाऊबाईंच्या शेतावर यावल तालुक्यात जाऊन आले. कापसाचा हंगाम केव्हाच संपला आहे, पण त्यांनी फरदडीच्या, म्हणजे मुख्य वेचणीनंतरही शेतात राखलेल्या कापसाच्या, पऱ्हाटीवरची उमललेली बोंडे दांडीसकट कापून गोठ्याच्या आढ्याला टांगून ठेवली होती, ती माझ्यासाठी खाली काढली. सोबत दादर ज्वारीची कणसेही दिली. दादर हे आमच्या रब्बीचे धान्य, फेब्रुवारी-मार्चमध्ये काढलेले आणि आता खडखडीत वाळलेले. ही दोन्ही कोरडी असल्याने उन्हाचा त्यांच्यावर काडीमात्र परिणाम होणार नाही, आणि गुच्छाचा उंच व रुंद आकार त्यांच्यावर तोलता येईल. ताज्या फुलांची संख्या कमी ठेवून त्यांची काळजी अधिक घेणे मला यामुळे शक्य होणार आहे.

कापसाचे एक बोंड मी जवळून न्याहाळले. चार-पाच पाकळ्यांत तडकलेले कठीण, तपकिरी कवच, त्याच्या प्रत्येक कप्प्यातून बाहेर लोंबणारा पांढरा कापूस आणि बोट दाबले की आत लागणारी टणक सरकी. कवचाची टोके काट्याइतकी तीक्ष्ण असतात. शेजारच्या मोगऱ्याच्या पाकळ्या त्यांच्यावर घासल्या तर तासाभरात तपकिरी रेघा उमटतील. त्यामुळे बोंडाची टोके चिमट्याने खुडून घ्यायची आणि बोंड मोगऱ्यापासून दूर बसवायचे.

दांड्यांच्या बुडाशी ओला कापूस गुंडाळायचा, ही पद्धत सर्वांना ठाऊक आहे, आणि घरचाच कापूस असताना विकतचा कशाला आणायचा, असे जाऊबाई म्हणाल्या. आम्ही वाटीभर पाण्यात सरकी काढलेल्या कच्च्या कापसाचा पुंजका टाकला. तो पाण्यावर तरंगत राहिला; बोटाने बुडवून वर काढला तरी आतून कोरडाच होता. कच्च्या कापसाच्या तंतूवर नैसर्गिक मेणाचा पातळ लेप असतो आणि तो पाणी आत जाऊ देत नाही. औषधाच्या दुकानातील कापसाचे मेण रासायनिक प्रक्रियेने काढलेले असते, म्हणूनच तो पाणी शोषतो. हाच कच्चा कापूस तेल मात्र आनंदाने पितो, आणि समईची वात त्याच गुणावर जळते. मग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात आम्ही तो कापूस चांगला अर्धा-पाऊण तास उकळला, स्वच्छ धुतला आणि वाळवला. त्यानंतर त्याने पाणी धरले. गुच्छाच्या बुडाशी हाच कापूस राहील.

१५ मे

आज केळीचा विषय घेतला, आणि खानदेशात फुलांचे काम करणाऱ्याने तो टाळता कामा नये असे माझे ठाम मत झाले आहे.

सत्काराच्या वेळी फुले व फळे एकाच करंडीत घालून, वरून पारदर्शक कागद लावून देण्याची पद्धत अलीकडे रूढ होत आहे, आणि जळगाव जिल्ह्यात करंडी म्हटली की तिच्यात केळी असणारच. पिकणारे केळे इथिलीन नावाचा वायू सोडते. पिकवण केंद्रांच्या बंद खोलीत याच वायूने हिरव्या केळ्यांना रंग आणतात. फळाला जो वायू पिकवतो तोच अनेक फुलांना म्हातारे करतो. एका झाकणाच्या डब्यात पिवळ्याधमक केळ्यांशेजारी कार्नेशन ठेवले आणि तसेच दुसरे कार्नेशन केळ्यांविना दुसऱ्या डब्यात ठेवले. दुसऱ्या दिवशी पहिल्याच्या पाकळ्या आत वळून मिटल्या होत्या आणि दुसरे जसेच्या तसे होते. गुलाबावरही या वायूचा परिणाम होतो; शेवंतीवर जवळजवळ होत नाही.

यातून तीन गोष्टी ठरल्या. गुच्छात कार्नेशन नको. आमच्या स्वयंपाकघरात केळ्यांचा घड टांगलेला असतो, म्हणून फुले रात्री दुसऱ्या खोलीत राहतील. आणि बसमध्ये फळांच्या पाटीशेजारी गुच्छ ठेवायचा नाही. गावातील मंडळी फळांची करंडी देणार आहेत, तर ती वेगळी द्यावी, असा निरोप आजच पाठवला. धुरातही हा वायू असतो, तेव्हा सत्काराच्या टेबलावर उदबत्तीचे घर गुच्छाला लागून असू नये, हेही त्यात कळवले.

१९ मे

वेष्टन केळीच्या पानाचे असेल. हा निर्णय केवळ शोभेसाठी घेतलेला नाही. केळीचे पान पाणी गळू देत नाही, त्याच्या खालच्या बाजूला मेणाचा पांढुरका लेप असतो आणि ते थंड राहते. अडचण एकच आहे की, ते फाटते.

मे महिन्यातील वाऱ्याने बांधावरच्या केळीची पाने चिंध्या झालेली असतात. बागेभोवती शेवरी किंवा गजराज गवताची वाराविरोधक ओळ असली तरी कडेच्या झाडांचे हाल होतातच. म्हणून जाऊबाईंनी बागेच्या मध्यभागातील झाडाचे पान काढून दिले, तेही पोंग्यातून नुकतेच उलगडलेले फिकट पान टाळून त्याच्या खालचे. अगदी कोवळे पान रेशमासारखे वाटते, पण त्याचे पाणी लवकर उडते आणि ते लोंबते.

पानाच्या शिरा मधल्या दांड्यापासून कडेपर्यंत एकमेकींना समांतर जातात आणि पान फाटते ते नेहमी दोन शिरांच्या मधून. गुच्छाभोवती दोरी आवळली की ताण गोलाईच्या दिशेने येतो. शिरा गुच्छाच्या उंचीच्या दिशेने उभ्या ठेवल्या, तर हा ताण शिरांना एकमेकींपासून ओढतो आणि पान बांधता बांधताच चिरते. शिरा गुच्छाभोवती आडव्या फिरतील असे पान धरले, म्हणजे मधला दांडा फुलांच्या दांड्यांना समांतर ठेवला, तर ताण शिरांच्या लांबीवर येतो आणि त्या तो सहन करतात. मात्र आडव्या शिरा वाकवताना त्या कडाकड मोडतात, त्यामुळे पान आधी शेकून घ्यावे लागते. मंद आचेवर पान हातभर उंच धरून हळूहळू सरकवत न्यायचे. फिकट हिरवा रंग एकदम गडद होतो, मेण वितळून चकाकी येते आणि पान हातात कापडासारखे लवते. जिथे रंग बदलला तिथून लगेच पुढे सरकायचे, थांबलो तर करपते. मधला जाड दांडा मागच्या बाजूने चाकूने तासून पातळ केला की घडी नीट बसते.

बांधायला केळीच्या खोडाचे वाळलेले सोपट घेतले. हारवाले फुलांचे पुडे याच्याच पट्टीने बांधत आले आहेत. सोपट तासभर पाण्यात भिजवून बोटभर रुंदीच्या पट्ट्या काढायच्या. ओल्यानेच गाठ मारायची, कारण वाळताना ते आवळते आणि गाठ पक्की होते. सॅटिनची रिबन मी आणून ठेवली होती, ती परत कपाटात गेली.

१९३६च्या डिसेंबरमध्ये फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले, खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. त्याच्या सजावटीचे काम गांधीजींनी शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांच्याकडे सोपवले आणि गावात मिळेल त्याच साहित्यातून, बांबू आणि गवतासारख्या वस्तूंतून ती उभी करावी, अशी अपेक्षा ठेवली. बाईंनी हा प्रसंग आम्हाला वर्गात सांगितला होता. ज्या परिसरात ती सजावट झाली, तिथेच केळीच्या पानाचा आणि सोपटाचा गुच्छ न्यायचा आहे, याचे मला समाधान आहे.

२२ मे

बांधणीचा सराव. दांड्या सरळ एकत्र करून बांधल्या तर फुले एकमेकांवर चेपतात आणि आत हवा खेळत नाही. त्यामुळे तिरकी, फिरती बांधणी करायची. पहिली दांडी डाव्या हाताच्या अंगठा आणि तर्जनीत उभी धरायची. दुसरी तिच्यावर तिरकी ठेवायची, फूल डावीकडे आणि बूड उजवीकडे. तिसरीही त्याच दिशेने, चौथीही त्याच दिशेने. दोन-तीन दांड्या झाल्या की संपूर्ण जुडी हातात थोडी फिरवायची आणि पुन्हा तीच क्रिया करायची. एकही दांडी उलट दिशेने गेली की गोलाई अडते आणि ती दांडी मोडते. सर्व दांड्या एका बिंदूत एकमेकींना छेदतात आणि सोपट त्याच बिंदूवर बांधायचे, वर दोन वाटे व खाली एक वाटा राहील अशा बेताने. नीट बांधलेली जुडी, बुडे समान कापल्यावर, शेतात उभ्या केलेल्या कडब्याच्या पेंडीसारखी स्वतःच्या पायावर उभी राहते. ती उभी राहिली नाही तर बांधणी सैल आहे असे समजावे.

साहित्याचे अंतिम प्रमाण ठरले: निशिगंधाच्या नऊ दांड्या, काडीचा आधार दिलेले सात झेंडू, पाच कापसाची बोंडे, सात दादरची कणसे आणि भरीला कढीलिंबाच्या डहाळ्या. कढीलिंबाचे पान उन्हात टिकते, आणि त्याचा वास निशिगंधाच्या वासाला मारत नाही. जरबेरा आणि गुलाब दोन्ही वगळले. मोगरा दांडीवर टिकत नाही, त्यामुळे त्याच्या टपोऱ्या कळ्यांचा एक लहान गजरा वेष्टनाच्या कमरेला बांधायचा.

२६ मे

उन्हातील चाचणी. दुपारी दीड वाजता सरावाचे दोन गुच्छ ओसरीवर ठेवले, एक जिलेटीनच्या कागदात, दुसरा केळीच्या पानात. पहिल्याच्या कागदाला आतून बाष्पाचे थेंब आले आणि साडेतीनपर्यंत निशिगंधाची वरची टोके झुकली. दुसऱ्यात झेंडूची एक बाहेरची पाकळी सुरकुतली, बाकी सर्व ताठ होते.

प्रवासासाठी बांबूची दुरडी घेतली आहे. तिच्यात मातीचे लहान बोळके बसवायचे, बोळक्यात ओला कापूस आणि त्यात गुच्छाची बुडे. मातीच्या भांड्यातून पाणी पाझरते व हवेत उडते आणि उडताना भांडे गार करते. दुरडीला बाहेरून ओले गोणपाट गुंडाळायचे, पण फुलांना ते टेकू द्यायचे नाही, कारण ओल्या घर्षणाने निशिगंधाला डाग पडतात. आमची मे महिन्यातील हवा इतकी कोरडी असते की ओले कापड झपाट्याने गार होते. घामट हवेच्या कोकणात या युक्तीचा एवढा लाभ मिळाला नसता. दुरडी उभीच ठेवायची. आडवी ठेवली तर निशिगंधाची टोके काही तासांत वरच्या दिशेने वळतात आणि मग ती सरळ होत नाहीत.

३० मे

पहाटे साडेपाचला बाजारातून निशिगंध व झेंडू घेतला. फूल जितके गरम, तितका त्याचा श्वास जलद आणि साठवलेले अन्न तितक्या लवकर संपते. तापमान दहा अंशांनी वाढले की श्वसन साधारण दुप्पट-तिप्पट होते, तेव्हा उन्हाच्या आधी घरी पोहोचणे हेच अर्धे काम आहे. दांड्यांचा पाण्याखाली तिरका काप घेतला, औषधी पाण्याच्या बादलीत त्या गळ्यापर्यंत उभ्या केल्या आणि बादली देवघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, माठाजवळ ठेवली. दिवसभर त्यांना पाणी पिऊ द्यायचे. हारवाल्या मावशींना काम कळले होते, त्यांनी मोगऱ्याच्या कळ्यांचे पैसे घेतले नाहीत.

रात्री दहानंतर बांधणी केली. केळीचे पान संध्याकाळी जाऊबाईंच्या मुलाने आणून दिले, ते झोपण्यापूर्वी शेकून ओल्या पंच्यात गुंडाळून ठेवले आहे. वेष्टन सकाळीच करायचे, कारण शेकलेले पान बांधल्यावर फुलांभोवती ऊब धरते आणि एवढा वेळ ते लपेटून ठेवण्याचे कारण नाही.

३१ मे

पहाटे चारला वेष्टन. पानाचे दोन तुकडे घेतले, मागचा उंच आणि पुढचा आखूड, म्हणजे समोरून फुले मोकळी दिसतात. कमरेला सोपटाची पट्टी आणि तिच्यावर कळ्यांचा गजरा. मोगरा संध्याकाळी उमलतो, म्हणून कळ्या जाणूनबुजून घट्ट मिटलेल्या निवडल्या. त्या बाईंच्या घरी उमलतील. पानाच्या घडीत निशिगंधाचे तीन कंद खाकी कागदात बांधून ठेवले. त्यांच्या लागवडीचे दिवस हेच आहेत, आणि बाई आता अंगणात रमणार हे आम्हा सर्वांना ठाऊक आहे.

पहिल्या बसने निघाले. खिडकीची गरम झुळूक लागू नये म्हणून दुरडी पायांशी ठेवली, भुसावळ स्थानकात गोणपाटावर पुन्हा पाणी शिंपडले. शाळेत पोहोचलो तेव्हा बोळके हाताला गार लागत होते.

सत्कार सुटीत बंद असलेल्या शाळेच्या पडवीत झाला. टेबलावर बरेच गुच्छ होते आणि सर्वांची भाषणे होईपर्यंत बारा वाजून गेले. बाईंनी आमचा गुच्छ हातात घेतला, तो वास घेण्याआधी फिरवून खालून पाहिला आणि विचारले, "हे सोपट भिजवून बांधलंस ना?" मी होकार दिला. मग त्यांनी तिथल्या लहान मुलांना जवळ बोलावून पानाच्या शिरा कोणत्या दिशेने आहेत ते दाखवले आणि असे का केले असेल, असा प्रश्न केला. एका मुलीने बरोबर उत्तर दिले.

५ जून

बाईंशी फोनवर बोलणे झाले, त्यावरून ही नोंद. मोगरा त्याच संध्याकाळी उमलला आणि दुसऱ्या सकाळी तपकिरी झाला, तेवढेच त्याचे आयुष्य असते. केळीचे पान तिसऱ्या दिवशी पिवळे पडले, ते गायीला घातले. निशिगंधाच्या वरच्या कळ्या कालपर्यंत उमलत होत्या, कारण बाई रोज पाणी बदलून दांडीचा बोटभर काप घेत होत्या. झेंडू अजून उभे आहेत. कापसाची बोंडे आणि दादर त्यांनी वेगळ्या मडक्यात लावली असून कंद अंगणात नळाजवळ लावले आहेत.

पुढच्या वेळेसाठी दोन बदल. बोळक्याचे तोंड थोडे अधिक रुंद असावे, बुडे आवळली जात होती. आणि कढीलिंबाऐवजी निरगुडीची डहाळी वापरून पाहायची आहे, तिची करडी-हिरवी छटा कापसाच्या पांढऱ्या रंगाशेजारी अधिक शोभेल. शेजारच्या शाळेतील मुख्याध्यापकांनी त्यांच्याकडील निरोप समारंभासाठी पानाच्या वेष्टनाची पद्धत विचारली आहे. १९ आणि २२ मेच्या नोंदींची प्रत त्यांना आजच्या टपालाने पाठवली.